उमेदवारी, तालीम, प्रशिक्षण : बडोद्याच्या कचेऱ्यांतील शिकण्याचा इतिहास

सरकारी नोकरीत रुजू होऊन आम्हांला जेमतेम वर्ष झाले असेल, तेव्हाची ही गोष्ट. साल १९८५. घरच्या पत्त्यावर कचेरीचा एक लखोटा आला. आतील मजकूर अर्थातच गुजरातीत होता आणि अमुक तारखेस 'तालीम' घेण्यासाठी हजर राहावे, अशी त्यात आज्ञा होती. आमच्या मातोश्री बडोद्यातच लहानाच्या मोठ्या झालेल्या. गुजराती त्या सफाईने वाचीत. परंतु 'तालीम' हा शब्द त्यांच्या कानाला मराठीच होता. "आता कचेरीतही जोरबैठका काढायला लावणार का रे?" असे त्यांनी विचारले, तेव्हा घरात हशा पिकला. त्यांचा तरी काय दोष? राजरत्न माणिकरावांच्या आणि जुम्मादादा व्यायाममंदिराच्या गावात ज्यांचे बालपण गेले, त्यांना तालीम म्हटल्यावर लाल मातीच दिसणार.

मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'शिकवणे' एवढाच आहे. गुजरातीने तो अर्थ जसाच्या तसा ठेवला. मराठीने मात्र तो दोन ठिकाणी नेऊन बसवला : एक कुस्तीच्या आखाड्यात आणि दुसरा नाटकाच्या रंगमंचावर. दोन्हीकडे गोष्ट एकच घडते. तीच कृती पुनःपुन्हा करायची, आणि ती कोणा जाणत्याच्या नजरेखाली करायची. ग्रंथ वाचून कोणी पहिलवान होत नाही आणि नटही होत नाही.

निवृत्तीनंतर जुने कागद चाळताना ते पत्र पुन्हा आमच्या हाती आले. माणूस आपले काम कामावरच कसा शिकतो, हे सांगण्यासाठी आपल्या पूर्वजांनी, संस्थानाने आणि पुढे सरकारने कोणकोणते शब्द वापरले, याचा थोडा मागोवा घ्यावा असे मनात आले. शब्द बदलतो तेव्हा त्यामागील व्यवस्थाही बहुधा बदललेली असते. कोणी शिकवायचे, कोणाला शिकू द्यायचे आणि शिकण्याच्या काळात पोट कशावर भरायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक शब्दात निराळी सापडतात.

सर्वांत जुना आणि आपल्या घरांत सर्वाधिक वावरलेला शब्द म्हणजे 'उमेदवार'. आज तो उच्चारताच निवडणूक आठवते; परंतु फारसीत 'उमेद' म्हणजे आशा, आणि उमेदवार म्हणजे आशा धरून बसलेला. नोकरीच्या आशेवर जो कचेरीत येऊन बसतो, सांगतील ते काम करतो आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहतो, तो उमेदवार. त्याच्या जोडीचा शब्द 'शागीर्द'. त्याचा अर्थ शिष्य. पण 'शागीर्दपेशा' म्हणजे सरदार-दरबारातील चाकरवर्ग. शिकणारा आणि सेवा करणारा यांना भाषेने एकाच शब्दात बांधले, यात त्या काळच्या व्यवस्थेचे सार आले. शिक्षणाची फी सेवेच्या रूपाने द्यावयाची असे.

आमचे आजोबा गायकवाडी राज्यात कारकून होते. नोकरी लागण्यापूर्वी त्यांनी हिशेबाच्या शाखेत तीन वर्षे बिनपगारी उमेदवारी केली. ती कशी चाले, हे ते आम्हां नातवंडांना रंगवून सांगत. पहिले सहा महिने त्यांना लेखणी हाती धरू दिली नाही. संध्याकाळी कागद जुळवायचे, रुमालात बांधायचे, रुमालावर चिठी लावायची आणि दुसऱ्या दिवशी मागतील तो रुमाल क्षणात काढून द्यायचा, एवढेच काम. मग कागदावर रूळ फिरवून आखणी करणे आले. त्यानंतर नक्कल; तीही आधी जुन्या निकाली कागदांची, म्हणजे चूक झाली तरी राज्य बुडू नये. वर्ष उलटल्यावर चालू कागदाची नक्कल मिळाली. मसुदा लिहिण्याची वेळ आली ती तिसऱ्या वर्षी, आणि पहिल्या मसुद्यावर वरिष्ठांनी एवढ्या दुरुस्त्या केल्या की मूळचा एकच शब्द शिल्लक राहिला, आणि तो तारखेचा होता, असे आजोबा म्हणत.

लहानपणी आम्हांला हा छळ वाटे. सहा महिने नुसते रुमाल बांधून काय शिकणार? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला फार उशिरा, आणि तेही एका परदेशी ग्रंथात मिळाले. जीन लेव्ह या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी आफ्रिकेतील लायबेरिया देशात शिंप्यांच्या दुकानांतील शिकाऊ मुलांचे निरीक्षण केले. त्यांच्या असे ध्यानात आले, की कपडा तयार होण्याचा क्रम आणि तो शिकण्याचा क्रम एकमेकांच्या उलट असतात. कपडा आधी बेततात, मग शिवतात आणि शेवटी गुंड्या-काजे करतात. शिकाऊ मुलगा मात्र गुंड्यांपासून आरंभ करतो, मग शिवण शिकतो आणि बेतणे सर्वांत शेवटी. गुंडी चुकली तर उसवता येते, बेत चुकला तर कापड वाया जाते, हे एक कारण. दुसरे असे, की तयार वस्तू आधी हाताळल्याने तिचे अवयव कुठे कसे बसतात हे त्याला कळून चुकते. लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली हा विचार ग्रंथरूपाने मांडला. नवशिका कामाच्या कडेवर उभा राहतो, तिथे खरेच उपयोगी पण बिनधोक काम करतो आणि हळूहळू आत सरकतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

आता आजोबांचा क्रम पाहावा. प्रकरण आधी मसुद्यात येते, मग त्याच्या नकला होतात आणि शेवटी ते रुमालात जाते. आजोबा शिकले ते रुमाल, नक्कल, मसुदा अशा उलट्या क्रमाने. सहा महिने रुमाल बांधून त्यांना अवघ्या शाखेचा नकाशा पाठ झाला होता. लायबेरियाच्या शिंप्याला आणि बडोद्याच्या कारकुनाला एकच वाट सापडली होती. तिला कोणी सिद्धान्त म्हटले नव्हते, एवढेच.

याचा अर्थ लेखी शिकवण आपल्याकडे नव्हती असा कोणी घेऊ नये. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर परंपरेने चालत आलेली 'मेस्तके' आहेत. कारकुनाने कसे वागावे, लेखन कसे ठेवावे याचे नियम त्यांत सांगितले आहेत. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या 'राजव्यवहारकोशा'ने सुमारे चौदाशे व्यावहारिक शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही ज्याला आपण 'हात बसणे' म्हणतो, ते या ग्रंथांतून येत नसे. मायकेल पोलान्यी या विचारवंताने विसाव्या शतकाच्या मध्यास असे दाखवून दिले, की माणसाला शब्दांत सांगता येते त्याहून अधिक ठाऊक असते. अक्षराला 'वळण' कसे येते, हे लिहून सांगता येणार नाही. ते पाहून, गिरवून आणि बोटावर छडी खाऊनच येते.

बडोद्याच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध उमेदवार कोण, असे विचारल्यास आम्ही प्रत्यक्ष सयाजीराव महाराजांचे नाव घेऊ. १८७५ साली कवळाण्याहून आलेल्या बारा वर्षांच्या त्या मुलाला अक्षरओळखही नव्हती. एलियट साहेबांनी त्याला शाळेचे शिक्षण दिले. पण राज्य चालवण्याचे शिक्षण शाळेत मिळण्यासारखे नव्हते. दिवाण राजा सर टी. माधवराव, जे स्वतः तंजावरकडील मराठी घराण्यातले आणि त्रावणकोर व इंदूर येथील दिवाणगिरी करून आलेले, त्यांनी १८८१ साली तरुण महाराजांसाठी व्याख्यानमाला योजिली. निरनिराळ्या खात्यांच्या अधिकाऱ्यांनीही आपापल्या खात्याचे काम महाराजांना समजावून दिले. माधवरावांची व्याख्याने 'मायनर हिंट्स' या नावाने छापलेली आहेत. २८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांच्या हाती अधिकार आले. आजच्या भाषेत याला 'इंडक्शन ट्रेनिंग' म्हणतात. ते एका राजासाठी झाले आणि शिकवणारे त्याचेच नोकर होते, ही त्याची मौज.

स्वतः असे शिकलेल्या महाराजांनी पुढे ही गोष्ट इतरांसाठीही घडवून आणली. १८९० साली कलाभवन निघाले. त्याचे प्रवर्तक प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचा कटाक्ष असा, की रंगाऱ्याच्या आणि सुताराच्या मुलाला रसायन व यंत्रविद्या त्याच्या भाषेत शिकवली पाहिजे. त्यासाठी देशी भाषांतून शास्त्रीय ग्रंथ तयार करण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. दादासाहेब फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी. तोवर हुन्नर बापाकडून मुलाला मिळे; आता तो फळ्यावर आला. १९१० साली महाराजांनी विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतले आणि १९११ मध्ये ग्रंथालयाच्या कामाचा वर्ग बडोद्यात सुरू झाला. भारतातील ग्रंथपालांच्या पद्धतशीर शिक्षणाचा आरंभ येथून धरतात.

नोकरीच माणसाला कशी घडवते, याचा आणखी एक दाखला रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचा. ते १८८९ साली बडोदे सरकारच्या नोकरीत आले. राजपुत्रांना इतिहास शिकवण्याचे काम त्यांच्याकडे होते, आणि त्या कामासाठी काढलेल्या टिपणांतूनच त्यांच्या रियासतींचा उगम झाला. पहिला ग्रंथ 'मुसलमानी रियासत' १८९८ साली बाहेर पडला. पुढे पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड त्यांनी संपादिले. शिकवता शिकवता शिकणे याचे याहून मोठे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

येथवरचा इतिहास आपल्या मंडळींना सुखावणारा आहे. बडोदे संस्थानातील कारकुनी, फडणिशी आणि शिक्षकी यांत आपल्या घराण्यांचा मोठा वाटा होता, आणि सभा-संमेलनांतून तो आपण अभिमानाने सांगतोही. परंतु शेजारी बसून शिकण्याच्या या रीतीत एक अट मुळातच होती : शेजारी बसू दिले पाहिजे. ती अट ज्यांच्या बाबतीत पाळली गेली नाही, त्यांचे काय झाले, हे सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही.

१९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर हे तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार नोकरी करण्यासाठी सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्यास आले. पुढे त्यांच्यावर अर्थखात्याची जबाबदारी सोपवावी आणि त्याआधी त्यांना कामाचा अनुभव मिळावा, अशी महाराजांची योजना होती. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत आपण 'प्रोबेशनर' म्हणून काम करीत होतो, असे त्यांनी स्वतःच आठवणींत लिहिले आहे. म्हणजे शब्द नवा, पण अर्थ जुनाच. ते उमेदवारच होते. कोलंबियाची विद्या घेऊन आलेल्या या उमेदवाराच्या टेबलावर शिपाई कागद दुरून फेकीत आणि कचेरीतले पिण्याचे पाणी त्यांना मिळत नसे, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. राहायला जागा मिळेना, म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले होते; अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही त्यांना घालवून दिले. दिवसभर कामाठी बागेत बसून रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात.

ज्या लेव्ह-वेंगर यांचा उल्लेख आम्ही वर केला, त्यांनी आपल्या ग्रंथात अमेरिकेतील खाटिकांच्या उमेदवारीचाही दाखला दिला आहे. काही मोठ्या दुकानांत शिकाऊ मुलांना मांस गुंडाळण्याच्या यंत्रापाशी अशा जागी उभे करीत, की कसबी कारागीर कापतो कसे हे त्यांना दिसतच नसे. वर्षे गेली, पण विद्या आली नाही. बडोद्याच्या कचेरीत भिंत दगडाची नव्हती, एवढाच फरक. त्या कचेऱ्यांत आपले आजे-पणजे बसत होते. त्यांपैकी कोणी त्या तरुणाशेजारी जाऊन बसला, असे आम्ही वाचलेले नाही. उमेदवारीची पद्धत कितीही शहाणी असली, तरी तिचे दार ओळखीच्या माणसाने आतून उघडावे लागे, आणि ओळख ही नात्यात आणि जातीत वाटलेली होती. तीन वर्षे बिनपगारी बसणेही ज्याच्या घरी दोन वेळची सोय होती त्यालाच परवडे. आमच्या आजोबांना ते परवडले, कारण पणजोबा नोकरीत होते.

म्हणूनच स्वातंत्र्यानंतर आलेल्या 'प्रशिक्षण' या कोरड्या शब्दाबद्दल आमच्या मनात आदर आहे. महाराजांच्या काळी, १९३१ साली, 'श्री सयाजी शासनशब्दकल्पतरु' निघाला. इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली पर्याय देणारा तो कोश होता. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात वेगळे झाले आणि राज्यकारभाराची परिभाषा नव्याने घडू लागली. १९६१च्या केंद्रीय कायद्याने कारखान्यांतील शिकाऊ उमेदवारांना लेखी करार, ठरलेली मुदत आणि विद्यावेतन दिले. मराठीत त्या कायद्याच्या नावात 'उमेदवारी' हा जुना शब्द टिकून राहिला, ही समाधानाची गोष्ट. सरकारी नोकरांसाठी राष्ट्रीय प्रशिक्षण धोरण १९९६ साली आले आणि २०१२ साली ते सुधारण्यात आले. २०२०पासून 'मिशन कर्मयोगी'खाली संगणकावरूनच पाठ घेता येतात. नाव यादीत असले की बोलावणे येते. कोणाचा मुलगा, कोणाचा भाचा, हे विचारले जात नाही. १९१७ साली जे नव्हते ते हेच, आणि ही प्रगती लहान नाही.

तथापि या बदलात काय हातचे निसटले, हे आम्ही स्वतःच्या चुकीवरून सांगू. त्यासाठी कोणाकडे बोट दाखवण्याची गरज नाही. १९९५च्या सुमारास आमच्याकडे एका कचेरीची जबाबदारी होती. तेथे एक वृद्ध हेड क्लार्क होते. वडिलांकडून ते मोडी शिकलेले. जुन्या इनामांचे कागद त्या कचेरीत केवळ त्यांनाच वाचता येत. कागद पाहताच तो कोणत्या काळचा आणि कोणत्या हाताचा, हे ते सांगत. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरले असताना, त्यांच्या हाताखाली दोन तरुण बसवावेत, असे टिपण आमच्यापुढे आले होते. माणसे कमी होती, कामाचा रेटा होता. 'तूर्त शक्य नाही' असा शेरा आम्ही मारला. त्याच दीड वर्षात त्या दोन्ही तरुणांना आम्ही पाच-पाच दिवसांच्या तीन प्रशिक्षणांना पाठवले. ते प्रत्येक वेळी नवी बॅग आणि प्रमाणपत्र घेऊन परत आले.

हेड क्लार्क निवृत्त झाले आणि वर्षभरातच त्यांना देवाज्ञा झाली. त्यानंतर एका विधवा बाईंचे इनामी जमिनीचे प्रकरण आले. निकाल तीन मोडी पानांवर अडलेला. वाचणारा कोणी नाही. कागद बाहेर पाठवले, स्मरणपत्रे गेली, आणि ती तीन पाने वाचून यायला चौदा महिने लागले. बाई दर महिन्याला येऊन बाकावर बसत आणि आम्हांला पाहून उठून उभ्या राहत. हेड क्लार्क असते, तर त्यांनी ती पाने चहा निवण्याच्या आत वाचली असती.

प्रशिक्षणाचे फळ कसे मोजावे, याच्या चार पायऱ्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली सांगितल्या. शिकणाऱ्याला ते आवडले का. तो काही शिकला का. कामावर परतल्यावर त्याचे वागणे बदलले का. आणि त्यातून कामाचे भले झाले का. आमच्या सगळ्या नोकरीत आम्ही जे अभिप्रायाचे फॉर्म भरले, ते पहिल्या पायरीचे होते. व्याख्याते कसे वाटले, निवासाची सोय कशी होती, हे विचारले जाई. चौथ्या पायरीवर ती बाई बाकावर बसून होती. तिला कोणी फॉर्म दिला नाही.

तेव्हा उमेदवारी चांगली की प्रशिक्षण, असा वाद आम्हांला घालावयाचा नाही. यादीने दार सर्वांना उघडले, ते पुन्हा लावता कामा नये. पण दारातून आत आलेल्याला कोणाच्या तरी शेजारची जागा हवी असते, आणि ती जागा राखून ठेवणे हे वरिष्ठाचे काम आहे. आम्ही ते केले नाही.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी माळ्यावर रुमालात बांधलेले कागद असतील, आणि ते वाचू शकणारे एखादे वडीलधारे माणूस अजून असेल. त्यांना नमस्कार करून त्यांच्याशेजारी बसावे, आणि एकट्याने बसू नये. शेजारपाजारचे, कोणत्याही जातीचे आणि कोणत्याही भाषेचे, ज्याला शिकायचे असेल त्या मुलाला सोबत न्यावे. आम्ही गेल्या वर्षापासून आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांकडे दर रविवारी मोडी शिकायला जातो. आमच्याबरोबर एक गुजराती भाषक महाविद्यालयीन तरुणी येते. तिचे अक्षर आमच्यापेक्षा पुष्कळ पुढे गेले आहे. आम्ही अद्याप आजोबांच्या जुन्या रुळाने आखणीच करीत आहोत.